वसाबीचे वाटाणे आणि आईचं नाक

गेल्या रविवारची गोष्ट. कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये आई सकाळपासून ओट्यापाशी उगाच फेऱ्या मारत होती... हिंगाची डबी उघडायची, नाकाशी धरायची, बंद करायची. पुन्हा उघडायची.

कोरोना बरा झाला, पण आईला वास येणं बंद झालं ते झालंच. एकदा गॅस चालू राहिला आणि तिला कळलंच नाही. मी वेळेवर घरी आलो म्हणून निभावलं.

त्यानंतर तिने स्वयंपाकच सोडला. अमरावतीची बाई, तिखटाशिवाय घास न उतरणारी... निमूट डबेवालीची भाजी खायची. मी मीटिंग सोडून फोन करायचो, "आई, गॅस बंद आहे ना?" चैन तिलाही नाही, मलाही नाही.

त्या रविवारी मी टीव्हीसमोर वसाबीचे वाटाणे खात बसलो होतो. ऑफिसच्या टीममधली श्वेता कामासाठी जपानला ऑनसाइट होती, तिने येताना पाकीट आणलेलं. वसाबी म्हणजे तिकडची हिरवी, झणझणीत चटणी... जिभेपेक्षा नाकातच जास्त चढते.

"हळू गं!" मी म्हणेपर्यंत आईने मूठभर तोंडात टाकलेसुद्धा.

"हे काय तिखट! आमच्या अमरावतीत तर..." वाक्य तिथेच अडकलं. नाक धरून ती खाली बसली, डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी घाबरून पाणी आणायला धावलो.

"अव माय... नाकात गेलं रे! नाकात लागलं!"

आणि पुन्हा पाकिटात हात.

संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला. "अहो, तो वास नाही. ती झणझण वेगळ्या नसेची. वास परत येईल का, आत्ता नाही सांगता येणार." हे आईला कसं सांगायचं... मी घरभर येरझाऱ्या घालत राहिलो. शेवटी सांगून टाकलं.

तिने वाटाण्यांचं पाकीट जवळ ओढलं. मग म्हणाली, "नसो वास. पण नाक मेलं नाही माझं, एवढं तर कळलं ना?"

काल ऑफिसातून आलो, तर ताटात भरली वांगी. "गॅस बंद केलाय, दोनदा पाहिला," तिने मी विचारायच्या आधीच सांगितलं.

मीठ चांगलंच जास्त पडलं होतं... मी दोनदा मागून घेतली.