सगळ्यांच्या कामाचं मशीन

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरात औषधाची वाफ देणारं नेब्युलायझर ठेवा. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची. दम लागला की तिच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची आणि छातीतून शिट्टी वाजायची. पांढुर्ण्याच्या मेडिकलमध्ये मी हातात मावेल असं, बॅटरीवर चालणारं मशीन बघून ठेवलं, कारण आमच्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नसतो. पण घ्यायच्या दिवशी सासरे सोबत आले. त्यांनी मोठं, विजेवर चालणारं मशीन उचललं आणि याला मोठ्या माणसाचा मास्क बसतो का, ते दुकानदाराला विचारलं. बसतो म्हटल्यावर खूश झाले.

"घ्याचंच हाय तं सगळ्याईच्या कामाचं घेऊ."

लग्नकार्याला लागेल म्हणून स्वयंपाकाचं मोठं गंज घेतात ना, तोच विचार त्यांनी पोरीच्या श्वासाला लावला. हातात घेतलेलं छोटं मशीन मी परत काउंटरवर ठेवलं.

मग मशीन फिरायला लागलं. शेजारच्या आजींचा खोकला, जावेच्या भावाचा दमा, कोणाची नुसती सर्दी. मास्क आणि औषधाची वाटी एकाचीच असावी असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते सांगितलं की लोक म्हणत, धुऊन देऊ ना. मागितलेल्या वस्तूला नाही म्हणणं आमच्याकडे बसत नाही. मीही हसून पिशवी भरून देत राहिले आणि मागून स्वयंपाकघरात भांडी आपटत राहिले.

पोळ्याच्या दोन दिवस आधी नणंद आपल्या सासऱ्यांसाठी ते नदीपलीकडे सावरगावला घेऊन गेली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दोन्ही गावं एकमेकांवर गोटे फेकतात त्या ऐन गोटमारीला, पोरीला दम लागला. मधे जाम नदी, नदीत झेंडा, दोन्ही काठांवर गोटे घेतलेली माणसं आणि पूल बंद. नवऱ्याने बहिणीला फोन लावला. झेंडा तुटून खेळ संपला की पाठवते, म्हणाली. झेंडा कधी दुपारी तुटतो, कधी संध्याकाळ झाली तरी तुटत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नवरा गाडी काढेपर्यंत पोर बोलेनाशी झाली होती. दवाखान्यात डोकी फुटलेले बसले होते आणि कोणाचा गोटा कसा लागला ते एकमेकांना हसत सांगत होते. हौसेनं डोकं फोडून घेतलेल्या त्या माणसांतून मी तिला उचलून नेलं. एकाला तर चक्क ढकललं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. डॉक्टरांनी लगेच मास्क लावला. बऱ्याच वेळाने तिने पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी नणंद भाचीला पाहायला आली. रिकाम्या हातानं.

"पोरगी तं बरी हाय ना आता, वहिनी? मंग मशीन अजून आठ दिवस ठेवतो."

सासरे म्हणाले, राहू दे तिच्याकडे. मी म्हणाले, नाही, आत्ताच्या आत्ता आणून द्या. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा माझा आवाज चढला. सासरे उठून बाहेर गेले. नणंद रडायला लागली.

आत्याला रडताना पाहून मुलीने माझा पदर ओढला.

"राहू दे ना, आई. मी थोडाथोडाच श्वास घेतो."

माझा सगळा राग फिरून माझ्यावरच आला. हे शिकायला ती कुठे बाहेर गेली नव्हती. चार वर्षं ती मलाच बघत होती.