पाठवणीची रेकॉर्ड

आमच्या डोणगावात कोंबड्या कशा पाळायच्या हे शिकवायला एक अमेरिकन पोरगा आला होता. महाराष्ट्र होऊन फार वर्षं झाली नव्हती तेव्हा. आता कोंबड्या काय आम्हाला माहीत नव्हत्या? पण पोरगा गुणाचा. ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढायचा आणि वरून अजून मागायचा. माझ्या दादाचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं, तिथंच तो संध्याकाळी बसायचा. परत जाताना त्यानं दादाला एक रेकॉर्ड दिली.

दादाच्या बाकीच्या रेकॉर्डींपेक्षा ती मोठी होती आणि हळू फिरायची. पाकिटावर चार माणसं लाकडी ओसरीत बसलेली, एकाच्या हातात डफाला दांडा लावल्यासारखं काहीतरी. गाणी सगळी मऊ. कुणी ओरडत नाही, ढोल नाही, ताशा नाही. चौघं आपसात बोलत बसल्यासारखे गायचे.

दादा रोज दिवेलागणीला ती लावायचा. समोरचा शिंपी मशीन थांबवायचा. शेजारची काकू तुरीची डाळ सुपात घेऊन पाखडायला पायरीवर बसायची आणि डाळ तशीच राहायची.

"काय म्हणून राह्यला रे तो?" काकू विचारायची.

"मले काय मालूम, काकू?"

"मालूम नाही ना? पण खरं बोलून राह्यला बरं."

त्याच काकूच्या पोरीची पाठवणी होती. दादानं गडबडीत दुसरीच रेकॉर्ड काढली आणि ही लागली. भोंग्यातून ते हळू गाणं सुरू झालं तसं वऱ्हाडी सुद्धा गप झाले. काकू पोरीच्या गळ्यात पडून पोटभर रडली. मग काय, रीतच पडली. पार बीबी गावापासून लोक यायचे, "ते गोऱ्याचं गाणं आहे ना? मंग भोंगा तुमचाच." पोरगी गाडीत बसली की हे गाणं. वावरात निंदणाऱ्या बायकांनी ऐकलं की म्हणायच्या, गेली व माय पोरगी.

माझं लग्न ठरलं ते थेट संग्रामपूरला, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. मी दादाला बजावलं होतं, "माह्या वेळेले दोन खेपा लावजो." तो नुसता हसला. आईबाप लवकर गेले, मला त्यानंच वाढवलेलं. वेणी सुद्धा घालून द्यायचा, वाकडीतिकडी. मला त्या गाण्याचीच आस होती. दागिने काय, चारचौघींसारखेच होते.

माघात लग्न झालं. मी मोटारीपाशी आले, कान भोंग्याकडे. आणि या बाबानं लावलं काय? सिनेमातलं धांगडधिंग्याचं गाणं! अशी तळपायाची आग मस्तकात गेली! शालूत तशीच दुकानापाशी गेले. दादा कोपरावर वायर गुंडाळत होता, खाली मान घालून.

"साऱ्या गावाच्या पोरीले लावलं. माह्याच वेळेले काऊन नाही?"

"ते लावलं का पोरगी जाते," तो म्हणाला. "तुले कसा घालवू मी? आखाजीले माहेरी ये. मंग दोघं बसून ऐकू."

"मोठा आला शहाणा!" म्हटलं मी, आणि गाडीत बसले. रडले, पण रागानं. गाडी मेहकरच्या पुढे गेल्यावर राग उतरला. मग आखाजी कधी येते याचीच वाट पाहत बसले.

आखाजीच्या आधीच, चैत्रात, यात्रेसाठी भोंगा बांधताना दादा लिंबावरून पडला. सांगावा येऊन मी पोचले तोवर सगळं आटपलं होतं. मला त्याचं तोंड दिसलं नाही. एक दिवस थांबले नाहीत माझ्यासाठी! अजून आठवलं की जीव तिळतिळ तुटतो.

तेरवीला गाव जमलं. शिंप्यानं दादाचं रेकॉर्डचं मशीन अंगणात आणलं, काकूनं रेकॉर्ड पुसून ठेवली. मी चुलीपाशी होते. सुई ठेवायला शिंप्यानं हात उचलला तशी मी धावले आणि रेकॉर्ड ओढून घेतली.

"लावायची नाही!"

"अव बाई," काकू रडत म्हणाली, "साऱ्यायच्या पोरी त्यानं धाडल्या. त्याले कोण धाडीन?"

"कोणी नाही धाडायचं."

रेकॉर्ड लुगड्यात गुंडाळून मी संग्रामपूरला आणली. गाव रुसलं. बरोबरच होतं त्यांचं, गाणं काही माझ्या एकटीचं नव्हतं. बीबीचा एक बाप लेकीच्या लग्नासाठी मागायला एवढ्या लांब आला. त्याला चहा पाजला, जेवू घातलं, आणि रिकाम्या हातानं पाठवलं. दारातून वळून त्यानं विचारलं, "बाई, तुम्ही तरी ऐकता का?" मी मान हलवली. नाही.

गाणी मला पाठ होती. शब्द नाही, चाल. भाकरी थापताना गुणगुणायची. काकू गेली, शिंपीही गेला. आणि परवा भाकरी थापता थापता मध्येच अडले. पुढचं आठवेना. सुरुवातीची तार आठवते, मग भलतीच चाल मिसळते. दुपारभर घरात येड्यासारखी फिरले. ह्यांच्या लक्षात आलं. शेजारून मशीन मागून आणलं त्यांनी, माझ्यासमोर ठेवलं, म्हणाले, "एकदा ऐकून घे. किती दिवस असं?" आणि बाहेर जाऊन बसले.

रेकॉर्ड काढली, पदरानं पुसली, मशीनवर ठेवली. ती हळूहळू फिरायला लागली. सुई हातात धरली. आता ठेवली की चाल सापडणार, सगळीच्या सगळी.

सुई परत बाजूला ठेवली. मी मशीन बंद केलं.

चाल गेली तर जाऊ दे. माझा दादा मी धाडणार नाही.