तांदळातला बाळकृष्ण

हे गोपाळा, ज्याच्या करंगळीवर पर्वत तोलला गेला आणि ज्याच्या इवल्या मुठीत लोण्याचा गोळा मावला, त्या तुला आधी वंदन. डोंगर उचलणारा तूच, आणि एका घासासाठी रांगत येणाराही तूच. तुझ्या या दोन्ही रूपांची भेट जिला एकाच दुपारी घडली, त्या तुझ्या साध्या लेकराची कथा सांगू दे. शब्दांना तुझा स्पर्श असू दे, आणि वाचणाऱ्याच्या पानात गोडी वाढ.

त्या लेकराचे नाव सुनेत्रा. राहणे सिंगापुरात, बुओना व्हिस्टाला, अकराव्या मजल्यावर. माहेर चाळीसगावचे, म्हणून जिभेला तिखटाची सवय आणि बोलण्यालाही. लग्न होऊन ती या बेटावर आली त्याला सव्वीस वर्षे झाली. यजमान निशिकांत तांजोंग पगारच्या एका बँकेत, आणि ती घराजवळच्या संशोधन-संस्थेत, प्रयोगशाळेच्या भांडारावर. काचेच्या बाटल्या, रसायने, सुया, हातमोजे, सारे तिच्या ताब्यात. तिथे तिचा एकच कायदा होता. "जिच्यावर चिठ्ठी नाही, ती बाटली माझ्या लेखी नाहीच," असे ती प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगे.

हा कायदा तिच्या मागोमाग घरीही आला. हळद, हिंग, मेतकूट, छत्र्या, चार्जर, प्रत्येकावर तिच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी.

"मी दुपारी जरा डोळा मिटला, तर माझ्याही कपाळावर लावशील," निशिकांत म्हणत.

"लावली असती. पण तुमच्यावर काय लिहायचं ते अजून ठरत नाहीये."

त्या घरात एका वस्तूवर मात्र चिठ्ठी नव्हती. ती म्हणजे देव्हाऱ्यातला बाळकृष्ण. पितळेचा, अंगठ्याएवढा, एक गुडघा टेकून रांगणारा, उजव्या हातात लोण्याचा गोळा धरलेला. आईने पाठवणीच्या वेळी ओटीत घातलेला. सुनेत्राची लेक ऋता सातव्या महिन्यात जन्मली आणि काचेच्या पेटीत एकोणीस दिवस राहिली, तेव्हा या आईने त्या बाळकृष्णापुढे हात जोडले होते. "ही वाढू दे. तुला दाखवल्यावाचून मी घास घेणार नाही."

ऋता वाढली. नेमही वाढला. वेलीला धुमारे फुटावेत तशा त्या नेमाला अटी फुटत गेल्या. नैवेद्य आपल्याच हातचा हवा. आपल्याच भांड्यातला हवा. स्नान करूनच हवा. या अटी देवाने घातल्या नव्हत्या, कुणी माणसानेही नाही. प्रेमाचाच तो पसारा. पण पसारा वाढला की घरात पाऊल ठेवायला जागा उरत नाही. तेवीस वर्षे दुपारचे बारा वाजले की कामावरून घरी आलेली सुनेत्रा आणि तिचा बाळ समोरासमोर, मध्ये वाफाळता भात. सुट्टीच्या दिवशी पुलाउ उबीन बेटावर सायकली न्यायच्या, तरी आधी घरी नैवेद्य, मग बोट. लांबचा प्रवास नाहीच.

आणि निशिकांतांना तर डोंगरांचे वेड. तरुणपणी सह्याद्रीतले किल्ले पायाखाली घातलेला माणूस हा. सिंगापुरात त्याच्या वाट्याला आली बुकित तिमाहची टेकडी. "चढायला सुरुवात करावी तर माथा येतो. दमसुद्धा लागू देत नाही," असे ते हसून सांगत. चीनच्या हुनान प्रांतातल्या, ढगातून खांबांसारख्या वर आलेल्या त्या डोंगरांचे एक चित्र त्यांच्या टेबलावर दहा वर्षे होते. त्यांनी कधी हट्ट धरला नाही. हट्ट न धरणाऱ्या माणसाकडे पाहूनच कधीकधी अधिक वाईट वाटते, हे सुनेत्राला कळत होते.

त्यांची साठी आली. ऋता नुकतीच पदवी घेऊन नोकरीला लागलेली. तिने तिकिटेच काढली. "आई, सगळं बुक केलंय. छोटा राइस कुकर घे, तुझा देव घे, पण चल. मला चायनीज येतं, डोन्ट वरी ला." शेवटचा 'ला' खास सिंगापुरी.

सुनेत्रा निघाली. विमानात बाळकृष्ण कापसात गुंडाळून पर्सच्या आतल्या कप्प्यात. चांगशा शहरात उतरल्यावर तिने पहिली खरेदी केली ती तांदळाची. प्रवासात देव तांदळात ठेवायचा, ही तिच्या माहेरची रीत. वाटीभर तांदूळ वेगळे काढून तिने एका छोट्या कापडी पिशवीत भरले, त्यात बाळ नीट बसवला, वरून तांदळाचे पांघरूण घातले. आता चिठ्ठी. परक्या मुलुखात सामानाच्या पिशवीवर देवाचे नाव लिहायला तिचे मन धजेना. पण चिठ्ठीवाचून पिशवी ठेवायला हात धजेना. शेवटी तिने लिहिले, 'तांदूळ'. आयुष्यभर खऱ्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्या बाईने लिहिलेली ती पहिली अर्धी चिठ्ठी.

पुढचे पाच दिवस आनंदात गेले. झांगजियाजिएच्या त्या डोंगरांपुढे अखेर निशिकांत उभे राहिले. धुके खाली, शिखरे वर, आणि मध्ये हा साठ वर्षांचा मुलगा. सुनेत्राने त्यांचा हात धरला. जेवणाचे म्हणाल तर हुनानच्या मिरचीला निशिकांतांचे पुणेरी पोट पहिल्याच दिवशी शरण गेले. प्रत्येक ताटात मिरची. भाजीत मिरची की मिरचीत भाजी, हे शोधावे लागे. सुनेत्राला तो वास चाळीसगावच्या ओसरीवर नेई, पण ती खाई आपल्या कुकरमधला वरणभातच.

सहाव्या दिवशी ती तिघे डोंगरातल्या एका लाकडी घरात उतरली. घर चालवणारी लिऊ मावशी सत्तरीची, गालांवर सुरकुत्यांचे जाळे, आवाज मात्र घंटेसारखा. सकाळी अकराला सुनेत्राने आधणाचे पाणी घालून कुकर लावला. फट् असा आवाज आला, जळका वास आला, आणि कुकर गेला.

"मी आंघोळ करून येते," ती शांतपणे म्हणाली. "फारच झालं तर आज दूधसाखर दाखवीन."

पहाटेच्या चहावर ती चार तास डोंगर चढून आली होती. निशिकांत तांदूळ शोधू लागले. स्वयंपाकाचे तांदूळ ऋताच्या पिशवीत होते, आणि ऋता फोटो काढायला बाहेर. त्यांनी सुनेत्राची बॅग उघडली. समोरच पिशवीवर चिठ्ठी, ओळखीचे वळणदार अक्षर. त्या अक्षरावर त्यांनी सव्वीस वर्षे विश्वास ठेवला होता. पिशवी आणि कुकरचे भांडे घेऊन ते खाली गेले, आणि फोनवरच्या भाषांतराने मावशीला सांगितले, "फक्त हेच, फक्त पाणी. तेल नको, मांस नको."

सुनेत्रा ओल्या केसांनी बाहेर आली. पाट म्हणून घडी केलेला टॉवेल मांडला. बॅगेत हात घातला. पुन्हा घातला.

"अहो, इथली पिशवी?"

"तांदळाची ना? दिलीय खाली शिजवायला. मावशींना सगळं समजावलंय. तू बस आता निवांत."

ती बसली खरी, पण निवांत नाही. "त्यात बाळ होता," ती म्हणाली.

निशिकांतांचा चेहरा उतरला. "पण वर तर लिहिलं होतंस..."

"हो. मीच लिहिलं होतं."

लाकडी जिना तिने कसा उतरला, तिचा तिलाच ठाऊक. आई गेली होती, तिच्या हातची ती एकच खूण उरली होती. लेकीच्या श्वासासाठी दिलेला शब्द त्या मूर्तीला दिला होता. उकळत्या पाण्यात, की तांदळाच्या धुवणात वाहून, कुठे शोधायचा त्याला? अंगणात ऋता भेटली. तीही मागोमाग धावली.

स्वयंपाकघर धुराने काळवंडलेले. चुलीवर तुळईला डुकराच्या मांसाच्या लांब पट्ट्या धुरावर सुकवायला टांगलेल्या. सुनेत्रा उंबऱ्याशीच थबकली. मावशीने तिला पाहिले आणि हसून वर बोट केले.

चुलीमागच्या भिंतीवर एक फळी होती. फळीवर लाल कागदावर चुलीच्या देवाचे चित्र, आणि त्याच्या शेजारी, पालथ्या वाटीवर, लाल चिंधीचे आसन करून बसवलेला अंगठ्याएवढा बाळकृष्ण. अंग पुसून लख्ख. त्याच्यापुढे एक संत्रे, एक उदबत्ती, आणि वाटीभर पांढराशुभ्र भात. वाफ त्याच्या नाकाशी जात होती.

मावशी बोलू लागली, ऋता मध्येमध्ये थांबवत सांगू लागली. "आई, ती म्हणतेय, तांदूळ धुताना हाताला लागला. आधी वाटलं कुणाचं टॉय आहे. मग बघितलं तर बेबी आहे, रांगतंय, आणि हातात खायचं धरलंय. म्हणजे भूक लागली असणार ना, म्हणे. त्यांच्या घरी पहिला बाऊल भात चुलीच्या देवाला असतो, नंतर बाकीचे जेवतात. आज याला पण दिला, शेजारी बसवून."

"आणखी काय म्हणतेय?"

"विचारतेय, याची आई कोण. इतक्या लहान मुलाला तांदळात पुरून कुणी हिंडतं का, म्हणे."

निशिकांत मागून आले होते. "बरोबर विचारतायत," ते हळूच म्हणाले. सुनेत्राच्या डोळ्यांत पाणी होते आणि त्या पाण्यातच हसू फुटले.

तरी प्रश्न उरलाच होता. भात तिच्या हातचा नव्हता. फळी तिची नव्हती. वर मांस टांगलेले होते. या भाताला नैवेद्य म्हणायचे का? तिने मूर्तीकडे पाहिले. तेवीस वर्षांपूर्वीचे आपले शब्द तिने मनात जसेच्या तसे उच्चारले. तुला दाखवल्यावाचून मी घास घेणार नाही. एवढेच तर होते. हात कुणाचा, भांडे कुणाचे, याचा त्यात उच्चारही नव्हता. अहो, ज्याने परक्या गवळणींच्या शिंक्यावरचे लोणी आवडीने खाल्ले, तो काय या म्हातारीची चूल नाकारणार? या माउलीने आधी त्याची भूक पाहिली. गाव, नाव, भाषा विचारलीच नाही. याहून सोवळे ते कोणते?

सुनेत्राने तांब्यातले पाणी हातावर घेतले, वाटीभोवती फिरवले, डोळे मिटून प्राणाहुतीचे शब्द म्हटले. मावशीने तिचे पाहून हात जोडले. मग तो भात चौघांत वाटला गेला. मावशीने कोपऱ्यातली बरणी उघडली. मिठात मुरवलेली लाल मिरची, बारीक ठेचलेली. सुनेत्राने ऋताकरवी आत काय काय आहे ते विचारून घेतले आणि मोठा चमचा भातावर घेतला. मावशी डोळे विस्फारून पाहत राहिली.

"हा तर आमचाच ठेचा," सुनेत्रा म्हणाली. "अहो, तुम्ही लावू नका हं."

निशिकांतांनी लावला. मग ते अंगणात जाऊन बराच वेळ डोंगरांकडे तोंड करून उभे राहिले, आणि मावशी दारात बसून पोट धरून हसली.

आज बुओना व्हिस्टाच्या देव्हाऱ्यात बाळकृष्ण त्या लाल चिंधीवरच बसतो. सुनेत्राचा नेम चालू आहे, अटी मात्र गळून गेल्या. ऋताने कधी घाईत बटाटा शिजवला तर तोही त्याला चालतो. निशिकांतांच्या टेबलावर आता दुसऱ्या एका डोंगराचे चित्र लागले आहे. प्रवासाची पिशवी धुऊन ठेवली आहे, आणि तिच्यावर नवी, पुरी चिठ्ठी आहे: 'बाळकृष्ण, आणि त्याचे तांदूळ'.

हे गोपाळा, या सुनेत्रेला दीर्घ आयुष्य दे, निशिकांताच्या पायांत चढाचे बळ ठेव, ऋताच्या श्वासाला कधी उणे पडू देऊ नकोस. या घराच्या पानात भात आणि भातावर तिखट नित्य असो. आणि दूर हुनानच्या डोंगरात जी चूल तुझी भूक ओळखते, ती चूलही अखंड पेटती राहो.