मिटल्या ओठांतला सूर

दुपारी काकाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात डबा उघडत होते. "अगं, एल्स गेली," एवढंच म्हणाला. मी डबा पुन्हा बंद केला. शेजारच्या मुलीने विचारलं, कोण? मी म्हटलं, काकू. हॉलंडमधली एक नावाजलेली संगीतकार त्या एका शब्दात मावत नव्हती, पण तिथे समजावून सांगणं मला जमलं नसतं... आता काही आठवड्यांनी लिहून बघते आहे.

काका ठाण्यात कोलशेतच्या एका कारखान्यात इंजिनियर होता. तरुणपणी कामासाठी हॉलंडला गेला आणि परतताना एल्सकाकूला घेऊन आला. नौपाड्यातल्या त्यांच्या घरी ती शेवटपर्यंत राहिली. आम्ही डोंबिवलीचे. इंग्रजी शाळेत मी पियानो शिकले होते, पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता यायची, म्हणून कॉलेजपासून मी दर गुरुवारी तिच्या रचना स्वच्छ अक्षरात उतरवून द्यायला जायचे. फार बोलावं लागायचं नाही. दोघींनाही ते बरं वाटायचं.

जे काही कळलं ते असं अधूनमधून. तिचे वडील समुद्राकाठच्या एका गावात चर्चचा ऑर्गन वाजवायचे. तिथली म्हातारी माणसं स्तोत्रं इतकी सावकाश म्हणायची, की शेवटच्या माणसाचा श्वास संपेपर्यंत वडील स्वर धरून ठेवायचे. लहानग्या एल्सला त्याचा भयंकर कंटाळा. ॲम्स्टरडॅमला शिकायला गेल्यावर तिने सगळं वेगवान, टोकदार लिहायला घेतलं. त्या काळातल्या रचना मी वाजवून पाहिल्यात. बोटं एकमेकांत अडकतात. तिकडे तिचं नाव झालं ते त्यांच्यामुळेच. ठाण्याला आल्यावर मात्र बरीच वर्षं तिने काहीच लिहिलं नाही. मग सोसायटीतल्या बायकांच्या गुरुवारच्या भजनात जाऊन बसायला लागली. पुन्हा लिहू लागली तेव्हा स्वर लांब झाले होते, कागद मोकळा झाला होता. "बाबांकडे परत आले," एकदा म्हणाली, "ठाण्यावरून."

गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, कान झपाट्याने जाताहेत. यंत्र लावून बोलणं कळेल, सूर कळणार नाहीत. तेव्हा ती आठ बायकांच्या आवाजांसाठी एक रचना लिहीत होती. हॉलंडमधला एक गायकवृंद ती गाणार होता, पण पुढच्या हिवाळ्यात. कानांकडे तेवढा वेळ नव्हता. "मला ती एकदा ऐकायचीय," ती म्हणाली. "माणसांच्या गळ्यातून." भजनाच्या बायका लगेच हो म्हणाल्या, आणि आठवी कमी पडली म्हणून त्यांनी मला धरलं. मी कधी कोणासमोर गायले नव्हते.

पहिली तालीम म्हणजे नुसता गोंधळ. रचनेत शब्दच नव्हते.

"नुसतं आऽऽ?" जोशीकाकू म्हणाल्या. "डॉक्टरला जीभ दाखवल्यासारखं?"

सरळ स्वर तर कोणालाच धरवेना. जी ती शेवटी एक गोड हरकत घेऊन मोकळी व्हायची. "सरळ, मंदा, सरळ," एल्सकाकू विनवत राहिली.

"अगं एल्स, उघडंबोडकं वाटतं गं ते!" मंदाकाकू म्हणाल्या. " निदान देवाचं नाव तरी घालू दे."

काकूचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता ही सगळं गुंडाळून ठेवणार. तिने हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाली, "घाला."

त्यांनी राम घातला. 'रा'मधला 'आ' लांबत गेला आणि 'म'वर एकेकीचे ओठ मिटू लागले, आपापल्या वेळी. तोंड मिटलं तरी सूर आत चालूच... काकू ताडकन उठली. "थांबू नका!" मग कोणीच थांबेना, आणि शेवटी सगळ्यांना हसू फुटलं. त्याच आठवड्यात तिने रचनेचा शेवट बदलून त्या 'म'वर आणला. ती पानं मीच उतरवली.

चैत्राच्या हळदीकुंकवाला, डाळ-पन्हं झाल्यावर, आम्ही तिच्या घरी ती रचना गायलो. तोवर तिचा डावा कान पूर्ण गेला होता. खुर्ची ओढून ती आमच्या मधोमध बसली, उजवा कान पुढे करून, आमच्या ओठांकडे बघत. माझा आवाज थरथरत होता, पण ती माझ्याकडे बघत होती तोवर तुटला नाही. सगळे आवाज विरले तरी तिची मान तशीच कललेली. "संपलं?" तिने विचारलं. काकाने मान हलवली.

"मला अजून ऐकू येतंय," ती म्हणाली.

त्यानंतर तिला सूर ऐकू आले नाहीत.

तालमींपासून गुरुवारचं भजन त्यांच्याच घरी व्हायला लागलं होतं; ती गेल्यावरही काका गुरुवारी बैठकीत चटया घालून ठेवतो. कोणी सांगितलेलं नाही. गेल्या गुरुवारी भजन झाल्यावर जोशीकाकूंनी तो पहिला लांब स्वर लावला आणि आम्ही मागोमाग तो धरला. 'म'वर एकेकीचे ओठ मिटले. श्वास संपला की शेजारणीला कळू न देता हळूच दुसरा घ्यायचा आणि पुन्हा सुरात मिसळायचं, असं सगळ्याच जणी करत होत्या. काका दारात उभा होता. आत गॅसवर चहा उतू गेल्याचा वास आला... उठून बंद करायला कोणीच गेलं नाही.