दुकान माझंच होतं

२००८ च्या मंदीत दुबईतल्या आमच्या बांधकाम कंपनीने माणसं कमी करायला घेतली, तेव्हा पहिल्याच यादीत माझं नाव होतं. मी तिथे अरबी पत्रव्यवहार बघायची. अब्बांच्या नोकरीमुळे माझी शाळा अबुधाबीत झाली होती. रत्नागिरीच्या आमच्या सगळ्या गोतावळ्यात नीट अरबी लिहिता येणारी मी एकटीच. नवरा अल ऐनच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन होता. तोवर आमचा संसार सुट्टीपुरताच चालायचा. मी सामान गुंडाळून त्याच्याकडे गेले आणि महिन्याभरात एका टायपिंग सेंटरमध्ये लागले. सरकारी कामांचे अर्ज अरबीत टाइप करून देणारं ते छोटंसं दुकान. मालक केरळचे, माझ्याशी हिंदीत बोलायचे. "तीन महिने देखेंगे," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

दुसऱ्या महिन्यात एक इमाराती बाई आल्या. साठीच्या पुढच्या, चेहऱ्यावर जुन्या पद्धतीचा, मुखवट्यासारखा सोनेरी बुरखा, हातात प्लास्टिकची फाइल. त्या विधवा होत्या आणि सरकारकडून दर महिन्याला मिळणारी मदत अचानक बंद झाली होती. समाजकल्याणाच्या ऑफिसने कारण कळवलं होतं : तुमच्या नावावर व्यवसायाचं लायसन्स आहे. या निर्णयाविरुद्ध त्यांना अपील करायचं होतं.

मी लायसन्सचा कागद पाहिला. शिवणकामाचं दुकान. मनात म्हटलं, कुणा नातेवाइकाने स्वतःच्या धंद्यासाठी यांचं नाव नुसतं कागदावर लावलं असणार. अशी प्रकरणं मी कंपनीत पाहिली होती. मी त्यांना काही विचारलं नाही. भरभर टाइप करत गेले : अर्जदार ही निराधार, अशिक्षित स्त्री आहे, तिला व्यापारातलं काही कळत नाही, दुकानाशी तिचा कधीच संबंध आला नाही, दया करावी. शब्द छान जमले होते. माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. बाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी अंगठा उठवला, "इन्शाल्ला" म्हणाल्या आणि गेल्या.

दहा दिवसांनी परत आल्या. अपील फेटाळलं होतं. मालक काउंटरमागेच उभे होते.

"खालती, काय झालं?" मी विचारलं. तिथे मावशीला खालती म्हणतात.

"ऑफिसातल्या मुलीने तुझा कागद मला वाचून दाखवला," त्या म्हणाल्या. "मी तिला म्हटलं, हे खोटं आहे. दुकान माझंच होतं."

त्या खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि सांगू लागल्या. नवरा गेल्यावर त्यांनी स्वतःच्या बांगड्या विकून ते दुकान काढलं होतं. अबायांवरचं, म्हणजे बायकांच्या काळ्या झग्यांवरचं, भरतकाम करणारे दोन कारागीर ठेवले होते. नक्षी त्या स्वतः बोटाने वाळूत काढून दाखवायच्या. लग्नाच्या अबाया शिवून घ्यायला बायका लांबून यायच्या. पुढे डोळे अधू झाले, कारागीर गावी परतले, दुकानाला कुलूप लागलं. लायसन्स रद्द करायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

"आणि तू लिहिलंस, मला काही कळत नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "तू मला विचारलंच नाहीस, या बिन्ती."

या बिन्ती म्हणजे अगं माझ्या मुली. माझ्यावर संतापलेल्या बाईच्या तोंडी तो शब्द आला आणि मला रडू आवरेना. मालकांना अरबी कामापुरतंच येत होतं. त्यांनी विचारलं, "क्या बोल रही है? टाइपिंग में गलती है?"

मी उत्तर द्यायच्या आत बाईंनी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगून टाकलं, "नहीं नहीं. लडकी अच्छा. कागज नया चाहिए."

त्या एका वाक्याने माझी नोकरी वाचली. सगळं मालकांना कळलं असतं, तर तीन महिने पुरे व्हायची वाट त्यांनी पाहिली नसती.

दुसऱ्या दिवशी रजा काढून मी त्यांच्याबरोबर गेले. आधी बलदियात, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, लायसन्स रद्द करून दाखला घेतला. मग समाजकल्याणाच्या ऑफिसात. काउंटरवर तीच तरुण इमाराती मुलगी होती. मी चूक कबूल केली. ती हसली आणि म्हणाली, "दयेबद्दल आम्हाला काही ठरवता येत नाही. दुकान कधी उघडलं, कधी बंद झालं, आता मिळकत काय, एवढं लिहा. खलास." शिवाय, पुन्हा अपिलाची मुदत त्याच आठवड्यात संपत असल्याचंही तिने आपणहून सांगितलं.

तिथल्याच बाकावर बसून मी हाताने मसुदा लिहिला. प्रत्येक ओळ खालतींना वाचून दाखवली. एका जागी त्यांनी मला थांबवलं. "भरतकामाचं दुकान असं लिही. नुसतं शिवणकामाचं नाही."

लायसन्सवर शिवणकामच होतं. म्हणून मी दोन्ही लिहिलं.

मदत पुन्हा सुरू झाली. आणि खालती एकेका शेजारणीला माझ्याकडे पाठवू लागल्या. विधवा, घटस्फोटिता, अपंग मुलांच्या आया. मालकांनी माझ्यासाठी वेगळं टेबल टाकलं आणि तीन महिन्यांची गोष्ट पुन्हा काढली नाही. मी तिथे नऊ वर्षं काम केलं. समोरचीला आधी चहा द्यायचा, सगळं ऐकून घ्यायचं आणि मगच कीबोर्डला हात लावायचा, ही सवय तिथेच लागली.

पुढे अर्ज मोबाइलवरून भरता येऊ लागले. खालतींची नात ते घरीच करायची. तरी ईदनंतर त्या एकदा दुकानात यायच्याच, काम काही नसताना. स्वतःच्या बागेतल्या खजुरांचा डबा टेबलावर ठेवून विचारायच्या, "तुझी मुलं कशी आहेत?"

सुट्टीत मुलं माझ्याबरोबर दुकानात असली, तर त्या त्यांनाच विचारायच्या. मुलांची अरबी कच्ची, ती इंग्रजीतच बोलायची. खालती ऐकून घ्यायच्या आणि त्यांच्या हातावर खजूर ठेवायच्या.