विचारल्यावर नाही कसं म्हणायचं

एप्रिलमध्ये आपण व्हिडिओ कॉलवर बोलत होतो तेव्हा मी तुम्हाला मागच्या दारच्या आंब्याचे फोटो पडद्यावर दाखवत होते. तेवढ्यात खालच्या कोपऱ्यातून एक चौकोन वर आला. वाशिंद स्टेशनजवळ नवीन घरं, बुकिंग सुरू. पाठोपाठ दुसरा, गुडघ्यांच्या तेलाचा. धाकट्याने विचारलं, "आजी, तू घर घेतेयस का?" थोरली म्हणाली, "आधी गुडघे, मग घर." तुम्ही दोघं हसलात, मीही हसले, आणि उत्तर द्यायचं राहून गेलं. तेव्हा मला ते माहीतही नव्हतं. आता माहीत झालंय, म्हणून सगळं नीट सांगते.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. फडताळातल्या बरण्यांची तोंडं एका दिशेला हवीत. तुमच्या बाबाने दिलेल्या लॅपटॉपवरही फोल्डर नावानिशी ओळीने लावलेले आहेत. अशा घरात कोणी न विचारता कोपऱ्यातून डोकं काढतं, तर मला राग यायला हवा होता. पण राग येण्याआधी कुतूहल आलं. हे येतात कुठून? मी भाताच्या रोपांची माहिती बघत असते तेव्हाही येतात, मी काही न उघडता नुसती बसलेली असते तेव्हाही येतात. मग मी त्यांच्यावर पाळत ठेवायला लागले.

सकाळी यायचे ते बहुधा औषधवाले. तेल, चूर्ण, साखर उतरवणारा काढा. दुपारी प्लॉटवाले: मुरबाड रस्त्याला फार्महाउस, झऱ्याकाठी, डोंगर समोर. त्या जाहिरातीतला डोंगर इथला नव्हता, आपल्या डोंगराला तसं टोक नाही. पण आपल्या गावाजवळचं 'मुरबाड' हे नाव त्यांना कसं कळलं, ते मला काही केल्या उलगडेना. संध्याकाळी लाल चौकोन, 'तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे, ताबडतोब इथे दाबा.' हा सगळ्यात घाबरट. रोज ताबडतोब म्हणायचा आणि मी दाबलं नाही तरी दुसऱ्या दिवशी काही झालेलं नसायचं.

आता समोरच्या सुनेबद्दल सांगायला हवं, कारण गोष्ट खरी तिची आहे. आपल्या अंगणासमोर जे कौलारू घर आहे, तिथली ती सून. नवरा वाशिंदच्या कारखान्यात पाळीला जातो. घरी सासू, दोन म्हशी आणि भातशेती. बारावीनंतर लग्न झालं आणि शिक्षण थांबलं. गेल्या वर्षी तिने घरी बसून करायच्या बी.ए.ला नाव घातलं. तिच्या फोनवर त्या अभ्यासाची पानं अर्धी कापून दिसतात, म्हणून दुपारची भांडी झाली की ती माझ्याकडे लॅपटॉपवर येऊन बसते. मी शहापूरला शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे सगळं गाव मला बाई म्हणतं. तीही.

एका दुपारी ती वाचत होती आणि मी शेजारी शेंगा सोलत होते. तिने एक पान उघडलं. वरच्या बाजूला पाटी आली: ही साइट तुम्हाला सूचना पाठवू इच्छिते. खाली दोन बटणं, 'अनुमती द्या' आणि 'ब्लॉक करा'. तिचा हात सरळ पहिल्या बटणावर गेला. न थांबता, दारातल्याला आत घेतात तसा.

"अगं, कोण आहे ते बघितलंस का?"

"नाय बाई."

"मग परवानगी कशी दिलीस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी विचित्र विचारलंय. "इचारलाय ना त्यांनी. इचारल्यावर नाय कसा बोलायचा?"

"आणि 'ब्लॉक करा' आहे ना शेजारी?"

"ते कसा दाबणार. तोंडावर दार लावल्यासारका वाटतं."

मी सेटिंग उघडून बघितलं. सूचना पाठवायला मोकळीक दिलेल्या साइटची नावं वर सरकवत गेले, तर ती संपेनात. त्यात माझ्या ओळखीची एकदोनच. बाकी सगळे तिचे पाहुणे. कुठे आहात असं विचारणाऱ्यांनाही तिने ठिकाण सांगितलेलं होतं. म्हणजे 'मुरबाड' त्यांना कळलं ते असं. सगळ्या साइटना वाटेल तेव्हा नवीन खिडकी उघडायचीही मुभा होती. अशी खिडकी म्हणजे पॉप-अप.

तिची सासू तेवढ्यात ताक घेऊन आली. मी तिला सगळं सांगितलं. ती ओट्यावर बसली, पदराने वारा घेतला आणि सुनेची बाजू घेतली. हे क्वचित घडतं.

"बराबर केला तिनी. आल्या माणसाला बस म्हणायचा. घ्यायचा का नाय ते मग बघू."

"पण हे माणूस नाही ना, मावशी. हे यंत्र आहे."

"तुमीच म्हणता विचारतंय. विचारतो तो माणूसच." मग सुनेकडे वळून, "आणि तू गो, सगळ्यांना बसवलास तर अभ्यास कंदी करशील? म्हशी पण वाट बघतात तुझी."

मी रात्री अंथरुणावर पडून नाही, तिथेच शेंगा सोलत यावर विचार केला. कारण ती खरं सांगत होती. आपल्याकडे भांडीवाली येते, जुन्या कपड्यांवर पातेली देणारी. तिला कोणी 'नको' म्हणत नाही. 'पुढच्या खेपेला बघू' म्हणतात. तिला कळतं, ती पाणी पिऊन पुढे जाते, कोणाचं मन दुखावत नाही. मी इथे आले तेव्हा सरळ 'नको' म्हणायची, तेव्हा बायका एकमेकींकडे बघायच्या. पडद्यावरच्या पाटीवर 'पुढच्या खेपेला' असं बटणच नव्हतं. मग ती बिचारी काय दाबणार?

असो. दुसऱ्या दिवशी मी साफसफाई केली. सगळ्या सूचना बंद, ठिकाण बंद, पॉप-अप सगळ्यांसाठी बंद. काम संपल्यावर लॅपटॉप इतका गप्प झाला की तो बिघडला की काय असं वाटलं. लाल चौकोनाची तर थोडी आठवणही आली.

मे महिन्यात तिची परीक्षा आली. केंद्र शहापूरला. परीक्षेचं प्रवेशपत्र साइटवरून काढायचं होतं, आणि ते आदल्या दिवशी दुपारी टाकलं गेलं. तो कागद छापून हातात नसेल तर वर्गात बसू देत नाहीत, हे तिने इतक्या वेळा सांगितलं होतं की सासूलाही पाठ झालं होतं. छापायची सोय फाट्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात, आणि दुकानदार दिवेलागणीला शटर ओढतो. सकाळी एस.टी. निघते तेव्हा दुकान उघडलेलं नसतं.

ती आली ती राबाच्या, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायच्या, कामावरून तशीच. हाताला राख होती, ती धुऊन बसली. आपला क्रमांक घातला, जन्मतारीख घातली, 'प्रवेशपत्र पाहा' दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पान जसंच्या तसं. मी दाबून बघितलं. काही नाही. लॅपटॉप बंद करून चालू केला, पुन्हा सगळं घातलं. बटण दाबलं की थोडं आत जायचं, बाहेर यायचं आणि गप्प.

"माझा फॉर्मच गेला नसेल, बाई," ती म्हणाली.

"गेला नसता तर क्रमांक आला असता का?"

"मग नापास केला असेल आधीच."

"परीक्षेआधी?"

ती हसली नाही. सासू दारात येऊन उभी राहिली होती. मला वाटलं ती म्हणेल, राहू दे, राब पडलाय. ती म्हणाली, "वरीस झाला गो हिला वाचताना. दिवा जाळलाय आमचा. त्या पेटीला सांगा काय तरी."

पेटीला काय सांगणार? पण मला एक गोष्ट खटकत होती. चूक असती तर साइटने तसं लिहिलं असतं. ही चूक नव्हती, ही शांतता होती. आणि ही शांतता माझ्या ओळखीची होती. साफसफाई केली त्या दिवशी अशीच पसरली होती.

"आता पुन्हा दाब," मी म्हटलं, "आणि तू बटणाकडे बघ, मी बाकी सगळीकडे बघते."

तिने दाबलं. वर, पत्त्याच्या ओळीच्या अगदी शेवटी, एक बारीक चित्र उमटलं. लहानशी खिडकी, तिच्यावर तांबडी फुली. मी त्यावर बाण नेला. 'पॉप-अप ब्लॉक केला.'

म्हणजे प्रवेशपत्र दर वेळी येत होतं. नव्या खिडकीतून यायची त्याची रीत होती, आणि आम्ही दर वेळी त्याला दारातून परत पाठवत होतो. तेल, चूर्ण आणि फार्महाउस यांच्याबरोबर त्यालाही.

"थांबा," ती म्हणाली, "फॉर्म भरताना लिवलेला तिथे. पॉप-अप चालू करा म्हणून. तवाच मी केलेलं."

"फक्त त्यांच्यासाठी करायचं होतं."

"एकाला या म्हणायचा आणि दुसऱ्याला नाय? आमाला नाय जमत."

पण जमलं. त्या बारीक चित्रावर दाबलं तर विचारलं, या साइटला नेहमी अनुमती द्यायची का. तिने आधी पत्ता वाचला, अक्षर न् अक्षर, बोट पडद्याला लावून. मग माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही, तिनेच ठरवावं असं मला वाटलं. तिने दाबलं. एक छोटी खिडकी उघडली आणि तिच्यात तिचा फोटो होता, लग्नातल्या साडीतला, केंद्राच्या नावाशेजारी.

सासू पुढे आली. "ही आमचीच," ती फोटोला म्हणाली.

पुढचं सगळं घाईचं. फाइल फोनवर घेतली आणि सून फाट्याकडे चालत सुटली. झेरॉक्सवाल्याने शटर अर्धं ओढलं होतं, तिने खालून वाकून फोन आत दिला, असं तिने परत आल्यावर सांगितलं. कागद तिने माझ्याकडे ठेवायला दिला. तिच्या घरी कौलं शाकारायला काढली होती, सगळीकडे धूळ होती. सकाळी एस.टी.च्या आधी येऊन घेऊन गेली.

परतली ती दुपारी उन्हातून, थेट माझ्याच ओट्यावर. पेपर कसा गेला हे तिने सांगितलं नाही. दारावर प्रत्येकाचा कागद बघत होते, एवढंच म्हणाली. पाणी प्यायली, लॅपटॉप उघडला, पुढच्या पेपरची पानं काढली. पुन्हा कोणीतरी पाटी लावली, सूचना पाठवू का. तिचा हात थांबला. दोन्ही बटणं सोडून तिने पाटीच्या कोपऱ्यातली बारीक फुली दाबली. पाटी गेली.

"ह्याला बघू म्हणायचा," ती म्हणाली.

मी इतके महिने ती फुली बघत होते, पण तिचा अर्थ मला असा कधी लागला नव्हता. नंतर वाचलं, तर कळलं की एकाच साइटला काही वेळा अशी फुली मारली की ब्राउझर आपणहून तिला काही दिवस पुन्हा विचारू देत नाही. भांडीवालीलाही तिसऱ्याचौथ्या 'बघू'नंतर आपलं अंगण वगळायचं हे कळतंच.

तर, धाकट्या, मी घर घेत नाहीये. आणि थोरले, गुडघे जुनेच आहेत, चालतात. माझ्या ब्राउझरमध्ये नवी खिडकी उघडायची मुभा आता एकाच साइटला आहे. समोरची सून रोज दुपारी तिथे डोकावते, अजून काही नाही म्हणते आणि पुस्तक उघडते. निकालही त्याच लहान खिडकीतून येणार आहे.