आवाज न करणारी गाडी आणि परतूरचं बारसं

प्रवासवर्णन म्हटलं की तुम्ही आता धुकं, डोंगर, विमानाची खिडकी, असल्या गोष्टींची वाट बघून राह्यले असाल. तसलं काही न्हाई. मी जालन्याहून घनसावंगी, जांब समर्थ करत परतूरला गेल्तो आणि दिवेलागणीला परत आल्तो. त्यात विजेच्या गाडीनं गेल्तो म्हणल्यावर तुम्ही म्हणाल, पडली असंल रस्त्यात बंद, बैल जुंपून ओढली असंल. ती बी आशा सोडा. गाडी बिलकुल बंद पडली न्हाई. आम्ही अडकलो ते वेगळ्याच जागी.

गाडी माझ्या ताईची. मंजूताई जालन्यात दातांची डॉक्टर आहे. मी तिचा धाकटा भाऊ नवनाथ, घरात नव्या. शिक्षण बी.कॉम., आणि हुनर म्हणाल तर लोकांचे आवाज काढणे. शाळेत एकदा हेडमास्तरांच्या आवाजात माइकवरून सुट्टी जाहीर केल्ती, तर अर्धी शाळा घरी पोचल्यावर हेडमास्तरांना पत्ता लागला.

आमच्या वडिलांनी जीपच्या स्टेअरिंगला ताईला कधी हात लावू दिला न्हाई. म्हणून स्वतःचा दवाखाना चालायला लागल्यावर तिनं स्वतःच्या पसंतीची गाडी घेतली. महागातली, विजेची, निळी. तेव्हापासून चार महिने गाव तिच्या मागं लागलंय. पेशंट खुर्चीत आ करून बसलेला असतो, आणि तोंडातला कापूस काढला की पहिला सवाल, कितीला पडली. शेजारचे काका फाटकात उभे राहून म्हणाले, दात आमचे गेले आन चाकं हिला आली. कोणी म्हणतं पाऊस आला की करंट लागंल, कोणी म्हणतं सेल कुठं टाकायचे.

माझं औषध ठरलेलं होतं. कोणी टोमणा मारला की पुढच्या वळणावर मी त्या माणसाचा आवाज काढायचो, ताई हसायची, टोमणा संपला.

त्या रविवारी परतूरला आबाकाकांच्या नातवाचं बारसं होतं. आईचे गुडघे दुखत होते, म्हणून आम्ही दोघंच निघालो. अंबडच्या रस्त्याला लागल्यावर ताई हळूच म्हणाली की ती गाडी विकून टाकणार आहे. संभाजीनगरच्या एका ओळखीच्या डॉक्टरला पाहिजे होती. संध्याकाळपर्यंत हो का न्हाई ते त्याला कळवायचं होतं. मी विचारलं, गाडीत काही खोट आहे का. ती म्हणाली, गाडीत काही खोट न्हाई, मलाच ऐकून ऐकून वीट आलाय, कुठं उभी करायची म्हणलं तरी आधी माणसं नसलेली जागा शोधते.

मी मनात म्हणलो, नव्या, आज तुझी परीक्षा. दिवसभर हिला हसवत ठेवायचं.

अंबड सोडलं की दोन्ही बाजूला मोसंबीच्या बागा लागतात. थंडीचे दिवस, फळं पिवळी व्हायला लागलेली. मधी मधी कपाशीची वावरं (शेतं), वेचून झालेली, पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) उभ्या. कापसानं फुगलेला एखादा टेम्पो समोरून आला की सगळा रस्ता त्याचाच.

घनसावंगीला चहा-भज्यासाठी थांबलो. गरम भजे, तळलेली मिरची, मीठ. पहिला घास तोंडात, तेवढ्यात दुधाच्या कॅनी लावलेली मोटरसायकल गाडीजवळ थांबली. दूधवाल्यानं गाडीला एक चक्कर मारली, काचेतून आत बघितलं आणि कितीला पडली ते विचारलं. ताई म्हणाली, पडली चांगली. त्याचं समाधान झालं न्हाई. मान हलवत, सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल असं म्हणाला, "एवढ्यात वावर आलं असतं की बाई. वावर उगवतं तरी. ही काय उगवणार?"

हॉटेलातले हसले. ताईनं अर्धा चहा तसाच ठेवला.

गाव संपल्यावर मी दूधवाला झालो. कॅनी खडखडल्याचा आवाज तोंडानं, आणि वर त्याचं ते नाकातलं बोलणं. "बाई, ह्या दुधातल्या पाण्यात विहीर भरली असती की." ताई हसली, पण नेहमीपेक्षा कमी.

जांब समर्थला गाडी दर्शनाला न्यायची, असं आईनं बजावलेलं. देवळाच्या वाटेवर नारळ विकणारे एक आजोबा बसले होते. नवी गाडी बघून ते स्वतःच उठले, कुंकू, हळद, लिंबं घेऊन आले. चाकाखाली लिंबं ठेवली, काचेवर स्वस्तिक काढलं, आणि म्हणाले, उघडा बरं बॉनट, इंजिनाला कुंकू लावू. ताईनं उघडलं. आत एक रिकामी पेटी. आजोबा वाकून बघून राह्यले. मंग पाठीमागं गेले, तिथंबी इंजिन न्हाई. परत पुढं आले.

"इंजिन घरी राह्यलं का?" त्यांनी एकदम गंभीर होऊन विचारलं.

मी समजावलं की ह्याला इंजिन नसतं, मोटर असते, ती खाली. आजोबांनी थोडा विचार केला, त्या रिकाम्या पेटीला पाच बोटं कुंकवाची लावली, नारळ फोडून अर्धा तिच्यातच ठेवला आणि म्हणाले की बरं झालं, परसादाला जागा केली कंपनीनं. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ताई देवळाच्या पायरीवर बसून खोबरं खाता खाता मोकळी हसली. मला वाटलं, चला, जमून राह्यलं.

जांबच्या पुढं एका ओढ्याच्या उतारावर मेंढरांचा कळप आडवा आला. आमच्या घराण्यातबी दोन पिढ्यांमागं मेंढरंच होती, त्यामुळं कळप दिसला की गाडी थांबवायची, हे घरातलं शिक्षण. पण ह्या गाडीचा आवाज न्हाई. आम्ही पार कळपाच्या मधी जाऊन पोचलो तरी मेंढरांना पत्ता न्हाई. एका मेंढरानं तर दाराला अंग घासून घेतलं. घोंगडीवाला धनगर पळत आला. मी म्हणलो, आता खा शिव्या. त्यानं काठीनं मेंढरं बाजूला केली, गाडीकडं बघितलं आणि ताईला म्हणाला, "बरी हाय गाडी. एक मेंढरू बुजलं न्हाई."

चार महिन्यांत गाडीला मिळालेला हा पहिला चांगला शब्द. ताईनं खाली उतरून पेटीतला अर्धा नारळ त्याला दिला.

परतूरला पोचलो तर आबाकाकांच्या दारात मांडव, पंगत बसलेली. आबाकाका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. बोलण्याआधी दोनदा खाकरतात, आणि मंग जे बोलतात ते तीन घरांपलीकडं जातं. शेवंताकाकू म्हणजे त्यांची बायको, कमी बोलणारी. गाडी बघून तीच म्हणाली, लाव गं वायर, येताना दमली असंल. पाण्याच्या मोटारीच्या बोर्डात आमची वायर लावून खिडकीतून बाहेर घेतली. लहान-मोठे सगळे गाडीला पाणी पाजताना बघावं तसे बघून राह्यले.

जेवण फर्स्टक्लास. येसराची आमटी (धान्य आणि मसाला भाजून दळतात, त्याची), बाजरीची भाकर, वांग्याची भाजी, वर बुंदी. मी तीनदा वाढून घेतलं. मंग बायका पाळण्याभोवती जमल्या, घुगऱ्या (उकडलेले हरभरे) वाटल्या. ताईच्या हातात पाळण्याची दोरी होती. बाळ झोपायला आलेलं.

तेवढ्यात आबाकाका दोनदा खाकरले.

"लग्नाला ठेवलेलं चाकांत घातलं पोरीनं. आता नवरा काय चार्जिंग करून आणणार का?"

सगळा मांडव हसला. पाव्हणे हसले, पोरं हसली, आचारीबी हसला. खरं सांगायचं तर माझ्याबी तोंडावर हसू आलं, कारण काकांची फेक जबरदस्त होती. ताईच्या हातातली दोरी थांबली. तिनं ती शेजारच्या वहिनीकडं दिली आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, निघू, रस्त्यात त्या डॉक्टरला फोन करून गाडी न्या म्हणून सांगते.

मी हातातल्या घुगऱ्या खाली ठेवल्या. मी म्हणलो, गाडीत बस आधी, फोन मंग कर.

आता माझी चूक ऐका, आणि ही चूक आमच्या घराण्यातच होऊ शकते. वडिलांची जीप डिझेलची. चालू झाली की शेजारच्या माणसाचं शेजारच्याला ऐकू येत न्हाई. त्यामुळं आमच्या घरची रीत अशी, की पाव्हण्यांच्या दारातून निघताना जीप चालू करायची, हात हलवायचा, तोंड हसरं ठेवायचं, आणि त्याच हसऱ्या तोंडानं पाव्हण्यांची निंदा सुरू करायची. आई ह्यात एक नंबर. लहानपणापासून तेच बघितलेलं.

तर वायर उपसून तिथंच टाकली आणि आम्ही गाडीत बसलो. काचा खाली, कारण सगळी मंडळी निरोपाला फाटकात. आबाकाका हात वर करून पुढंच उभे. ताईनं बटन दाबलं, समोर उजेड आला, म्हणजे गाडी चालू. मी हात हलवला, तोंड हसरं केलं, दोनदा खाकरलो आणि आबाकाकांच्या भरदार आवाजात सुरू झालो. "लग्नाचं चाकांत घातलं पोरीनं. आन मला काय होतंय म्हणता? मला खोकला होतो. भावाच्या पोरीकडं काही चांगलं दिसलं की लगेच खोकला येतो."

नक्कल एकदम बराबर उतरली. इतकी, की मागं उभ्या असलेल्या आचाऱ्यानं "आलो आबा" म्हणून ओ दिली.

आणि सगळं फाटक माझ्याकडं बघून राह्यलं. माझा हात हलत होता. काकांचा हात वरच्या वर होता. तेव्हा मला समजलं की गाडी चालू आहे आणि तिला आवाज न्हाई.

ताईनं बटन दाबून गाडी बंद केली, दार उघडलं आणि खाली उतरली. मला वाटलं, ती माफी मागून मोकळी होणार. ती काकांसमोर जाऊन उभी राह्यली.

"त्यानं नक्कल केली ती चूक झाली काका. खोकल्याचं त्यानं पदरचं घातलं. पहिलं वाक्य मात्र तुमचंच होतं."

काका म्हणाले, "मी आपलं गमतीनं म्हणलो गं."

"चार महिने सगळे गमतीनंच म्हणून राह्यले," ताई म्हणाली. "मला एकदाबी गंमत आली न्हाई. नवरा मिळंल तवा मिळंल. गाडी मी मला घेतली."

आवाज चढवला न्हाई, रडली न्हाई. दात काढायचाच आहे असं पेशंटला सांगते, तसं सांगितलं. आबाकाका खाकरायला लागले आणि मधीच थांबले. आता खाकरावं तरी कसं, हा त्यांच्यापुढं प्रश्न.

गर्दीतून शेवंताकाकू पुढं आली. कडेवर ज्वारीचा डबा. पाव्हण्यांनी पीठ संपवलं होतं. तिनं माझ्या बाजूचं दार उघडलं, मला मानेनंच मागं जा म्हणून सांगितलं आणि डबा मांडीवर घेऊन पुढं बसली.

"मंजे, गिरणीपर्यंत सोड," ती म्हणाली. आणि नवऱ्याकडं न बघता पुढं बोलली, "गिरणी बी लाईटीवरच चालती. तिला कुणी हसत न्हाई."

गिरणी जवळच होती, पण काकूनं आम्हाला बाजाराच्या रस्त्यानं नेलं. सगळ्या गावानं बघितलं, निळ्या महागड्या गाडीत ज्वारीचा डबा आणि त्याच्यामागं काकूचं ताठ डोकं. दळण होईपर्यंत थांबलो. येताना काकूच्या पदरावर, सीटवर, माझ्या केसांत, सगळीकडं पीठ. ताईनं सीट झटकलीसुद्धा न्हाई.

परत आलो तर मांडव मोकळा झाला होता. आबाकाकांनी आमची वायर गुंडाळून, दोरीनं बांधून फाटकावर ठेवली होती. ताईच्या हातात देताना जमिनीकडं बघत म्हणाले, पुढच्या टायमाला लांब वायर आण, खिडकीतून घेतलेली धड न्हाई. एवढंच. माझ्याकडं त्यांनी बघितलंच न्हाई, आणि ते बरंच झालं.

घनसावंगीला उसाच्या रसासाठी थांबलो. मी ग्लास आणायला गेलो तेव्हा ताई गाडीला टेकून फोनवर बोलत होती. काय बोलली ते मला ऐकू आलं न्हाई. अंबड जवळ आलं. मोसंबीच्या बागांवर ऊन तांबडं झालेलं. मी विचार करून राह्यलो, की दिवसभरात मी दोन जणांचे आवाज काढले आणि ताईनं एकच, स्वतःचा. आणि काम तिच्याच आवाजानं झालं.

जालन्यात दारात पोचलो तर आई गुडघे विसरून उभी. परतूरचा फोन तिच्याकडं आमच्याआधी पोचला होता. थोरल्या दिराची नक्कल त्यांच्याच दारात, तीबी काचा खाली करून, ह्यावर ती अर्धा तास बोलली. काचा खाली करून, हे तिनं तीनदा म्हणलं. तिची खरी तक्रार तीच होती.

ती दमल्यावर मी ताईकडं बघितलं, की ही तरी माझी बाजू घेईल. ताई चप्पल काढत होती. तिथूनच म्हणाली, "नव्या, चार महिने मला घरात हसवलंस, ते ठीक. पण आज भज्याच्या हॉटेलात, मंग मांडवात, एकदाबी त्या माणसाकडं बघून 'माझ्या बहिणीला असं बोलू नका' म्हणला न्हाईस. उलट हसलास. मी बघितलं. दुसऱ्यांची तोंडं घेऊन फिरतोस, तुझं कुठं ठेवलंस? त्या डॉक्टरला मी न्हाई सांगितलं. पुढच्या रविवारी आईला घेऊन पिंपळगावला रेणुकाईच्या दर्शनाला जायचंय. रस्त्यात कोणी काही बोललं तर तू खाली उतरून तुझ्या आवाजात उत्तर द्यायचं. जमत नसंल तर यष्टीनं ये. आन आत्ता आधी कपडा घे आणि सीटवरचं पीठ पूस."